यंदाचं वाचन आणि सोवळी आत्या

डिसेंबर आला की मी वाचनाची वही काढून बसते. यंदा एकतीस पुस्तकं झाली, त्यातली अर्ध्याहून जास्त कादंबर्‍या. एरवी हाताला लागेल ते वाचायची सवय, पण या वर्षी ठरवून मराठी कादंबरीच्या अगदी सुरुवातीपासून निघाले. आता ऐका माझं पुराण!

सुरुवात अर्थात बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'पासून. साल 1857. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झालेलं. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि गावोगावी विधवांची दुःखं पाहतात. कादंबरी म्हणून फार काही हाताला लागत नाही, पदमनजींना धर्मोपदेशही करायचा असतो, त्यामुळे मधूनमधून प्रवचन. पण मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी कुठल्या राजकन्येची नाही, विधवांची आहे, हे मला आवडलं. राजकन्या, राक्षस वगैरे त्यानंतर चारच वर्षांनी हळब्यांच्या 'मुक्तामाले'पासून आले आणि बराच काळ ठाण मांडून बसले. ती मी निम्म्यात सोडली. असो.

मग हरिभाऊ आपटे. 'पण लक्षात कोण घेतो!' कॉलेजात असताना वाचली होती तेव्हा रडकी वाटली होती. लांब तर आहेच, आजही तीसचाळीस पानं कुणी काढली तर मी तक्रार करणार नाही. पण यमूचं बोलणं! स्वयंपाकघरातली कुजबुज, सासूचे टोमणे, नवर्‍याशी चोरून अक्षरं गिरवणं... पंचविशीतल्या पुरुषाने हे कुठे बसून ऐकलं असेल? 1890 साली 'करमणूक' सुरू झालं आणि त्यातून ती क्रमशः येऊ लागली. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळींनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं होतं. पुढच्या वर्षी संमतिवयाचा कायदा झाला, वय दहावरून बारा, आणि त्यावरून पुण्यात केवढा गदारोळ. घराघरात हा वाद चालू असताना यमूच्या केशवपनाचा प्रसंग लोकांनी वाचला असणार.

नात्यातल्या मंडळींनी आता जरा लक्ष द्या.

मी वाचली ती प्रत वाईच्या घरातली. माळ्यावरच्या ट्रंकेत होती, वाळवीने कडा खाल्लेल्या. आतल्या पानावर पणजोबांची सही आणि साल 1912. काही ठिकाणी शाईने समासात रेघा. केशवपनाच्या पानांवर तर सलग रेघ आहे.

आणि त्याच घरात पणजोबांची सख्खी बहीण होती. आपण सगळे 'सोवळी आत्या' म्हणून जिच्या मेतकुटाची गोष्ट ऐकत आलो, ती. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी माहेरी परत. ओसरीवरच्या त्या मोठ्या फोटोत ती नाही. कुलवृत्तांतात पणजोबांच्या पिढीत "कन्या 3" एवढंच आहे. तिचं नाव काय होतं, हे मला कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं.

पुस्तक मिटलं आणि माईआज्जीला फोन केला. आजोबांची ही धाकटी बहीण आता त्र्याण्णव वर्षांची आहे, तिने सोवळ्या आत्याला पाहिलंय. म्हणाली, "न्हावी परसदारी यायचा. आम्हां पोरांना आत पिटाळायचे. आत्या बाहेर आली की पदर घट्ट ओढून थेट विहिरीवर."

मी विचारलं, पणजोबांनी तर ही कादंबरी वाचली होती, रेघा मारल्यात गं, मग?

"अण्णांनी पुढे पुढे सांगितलं होतं तिला, की आता पुरे. तीच नाही म्हणाली. इतकी वर्षं केलं ते काय फुकट, म्हणायची."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. पणजोबांवर रागवायची तयारी करून फोन केला होता. पण ते "पुढे पुढे" म्हणजे नक्की कधी? 1912 ला का नाही? माईआज्जीला ते कुठून माहीत असणार, तिचा तेव्हा जन्मही नव्हता.

बाकी यादी थोडक्यात. 'रणांगण' तिसर्‍यांदा वाचलं, बोटीवरची हॅर्टा अजून तशीच छळते. 'कोसला' मुलाला वाचायला दिली, मनीच्या मृत्यूपाशी तो थांबला आणि दोन दिवस पुस्तकाला हात लावला नाही. विभावरी शिरूरकरांची 'बळी' यंदा पहिल्यांदाच वाचली, इतका उशीर का केला कोण जाणे. पण वर्षाची आवडती कादंबरी कुठली म्हणाल तर हरिभाऊंची, सगळ्या पाल्हाळासकट.

आणि हो, परवा माईआज्जीचा उलटा फोन आला. तिला आठवलं. माहेरचं नाव कृष्णा. सासरचं नाव तिलाही ठाऊक नाही, दोन वर्षांत ते कुणाच्या तोंडी बसलंच नसावं. कुलवृत्तांतात "कन्या 3" च्या पुढे मी पेन्सिलीने 'कृष्णा' लिहून ठेवलंय. उरलेल्या दोघींची नावं कुणाच्या घरी कुणाला माहीत असतील तर कळवा.