मुंबईचे नाव, इटलीची गाडी

फेब्रुवारी २०२३ मध्ये अबू धाबीच्या यास मरीना मार्गावर मध्यपूर्वेतील प्रादेशिक एकासनी मोटारशर्यतींचा हंगाम संपला. हंगामाचा विजेता ठरला बोलोन्या शहरचा सोळा वर्षांचा एक इटालियन मुलगा, आंद्रेआ किमी आन्तोनेल्ली. आणि गुणपत्रकात त्याच्या नावासमोर संघाचे नाव होते 'मुंबई फाल्कन्स'. आदल्याच वर्षी ही मालिका 'आशियाई' या नावाने भरली असता मोनाकोचा आर्थर लेक्लेर हा तरुण याच मुंबईकर संघातर्फे अजिंक्य ठरला होता. लागोपाठ दोन वर्षे मुंबईच्या नावाने एवढे यश मिळाले, पण डहाणूहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत क्रिकेटच्या धावा तोंडपाठ म्हणणाऱ्या प्रवाशांपैकी बहुतेकांच्या कानी ही वार्ता गेलीही नसेल.

वार्ता का गेली नाही, हा या लेखाचा विषय नव्हे. हे यश मुंबईचे म्हणावयाचे ते कोणत्या अर्थाने, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी या शर्यतींचा पूर्वेतिहास थोडा सांगणे अवश्य आहे.

एकासनी म्हणजे जीत चालकावाचून दुसऱ्यास जागा नाही आणि जिची चाके अंगाबाहेर उघडी असतात, अशी गाडी. तिच्या नावामागे लागणाऱ्या 'फॉर्म्युला' या शब्दाचे पुष्कळांस गूढ वाटते. वस्तुतः त्याचा अर्थ नियमावली एवढाच आहे. इंजिन केवढे असावे, वजन किती असावे, हे ज्या नियमांनी ठरते तो त्या वर्गाचा फॉर्म्युला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात पेट्रोल व पैसा या दोहोंची टंचाई असता काही हौशी मंडळींनी मोटारसायकलचे ५०० घनसेंटिमीटरचे इंजिन लहानशा सांगाड्यावर बसवून स्वस्त शर्यती सुरू केल्या. चार्ल्स आणि जॉन कूपर या पितापुत्रांनी चालकाच्या पाठीमागे इंजिन ठेवून बांधलेल्या गाड्या त्यात विशेष गाजल्या. पुढे जगप्रसिद्ध झालेला स्टर्लिंग मॉस १९४८ साली अशाच एका कूपर गाडीतून प्रथम शर्यतीत उतरला. १९५८ मध्ये इटलीत काउंट जोव्हान्नी लुरानी यांच्या पुढाकाराने 'फॉर्म्युला ज्युनियर' निघाला. तेथे इंजिन बाजारात विकल्या जाणाऱ्या साध्या मोटारीचेच घ्यावयाचे, असा दंडक होता. सामान्य ऐपतीच्या तरुणासही शर्यतीचे शिक्षण मिळावे, हा दोन्हींचा हेतू होता. त्याच कनिष्ठ वर्गांची आजची वंशज मालिका एका हंगामास कोट्यवधी रुपये गिळते, हे त्या हौशी मंडळींस कोणी सांगितले असते तर त्यांनी थट्टा समजून सोडून दिले असते.

मधल्या साठ वर्षांतील मालिकांची वंशावळ वाचकांपुढे मांडण्यात स्वारस्य नाही. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने अलीकडे सर्व पायऱ्या एका शिडीत बसविल्या: तळाशी फॉर्म्युला चार, त्यावर प्रादेशिक, मग तीन, दोन आणि शिखरावर फॉर्म्युला एक. युरोपातील प्रादेशिक मालिका २०१९ साली सुरू झाली आणि २०२१ मध्ये रेनो कंपनीची जुनी युरोपीय मालिका तीत विलीन झाली. या पायरीवरील युरोपीय व मध्यपूर्वेतील मालिकांत सर्वांचा सांगाडा एकच असतो. तो मोंझाजवळच्या कोंकोरेत्झो गावी तातूस नावाचा कारखाना बनवितो. २०२३ मध्ये युरोपात त्यावर रेनोचे सुमारे २७० अश्वशक्तीचे इंजिन बसत असे. मध्यपूर्वेत त्याच सांगाड्यावर आल्फा रोमेओचे इंजिन होते.

गाडी सर्वांची सारखी असल्यावर हार-जीत कशावर ठरते? अर्थात चालकावर, असे उत्तर प्रथम सुचते. परंतु ते अर्धेच खरे आहे. पुढच्या-मागच्या पंखांचा कोन, चाकांचा कल, टायरमधील हवेचा दाब, स्प्रिंगांचा ताठपणा या गोष्टी नियमांच्या चौकटीत राहून जुळवावयाच्या असतात, आणि ती जुळणी मार्गागणिक, हवेगणिक, कित्येकदा सकाळ-दुपारगणिक बदलते. हे ज्ञान पुस्तकात नसते. वर्षानुवर्षे वह्यांत टिपून ठेवलेल्या आकड्यांत आणि यंत्रज्ञांच्या हातांत ते साठत जाते, आणि संघाची खरी मालमत्ता तीच होय. मुंबई फाल्कन्सचे मालक भारतीय असले तरी त्यांच्या गाड्यांमागचे तांत्रिक साहाय्य 'प्रेमा' या संघाचे होते. हा संघ १९८३ साली स्थापन झाला. त्याचे ठाणे उत्तर इटलीत व्हिचेन्झाजवळ आहे.

२०२३ च्या युरोपीय हंगामाकडे या दृष्टीने पाहावे. एप्रिलमध्ये इमोला येथे आरंभ झाला तेव्हा आन्तोनेल्ली पुन्हा तशाच सांगाड्याच्या गाडीत बसलेला दिसतो, मात्र आता ती खुद्द प्रेमाच्या नावाने धावत आहे. मुंबईचे नाव वाळवंटात राहिले. दहा ठिकाणी प्रत्येकी दोन शर्यती असा तो दौरा बार्सिलोना, बुडापेस्ट, स्पा, मुजेल्लो, मोंझा असा फिरत ऑक्टोबरात जर्मनीतील होकेनहाइमला संपला. पण त्यापूर्वीच, हॉलंडच्या समुद्रकाठी झांडफोर्ट येथे, आन्तोनेल्लीचे अजिंक्यपद निश्चित झाले होते. दोनच वर्षांनी, २०२५ च्या मार्चमध्ये, तो मर्सिडीजच्या गाडीतून फॉर्म्युला एकच्या पहिल्या शर्यतीस उभा राहिला.

या यशकथेत स्पाचा मुक्काम मात्र वगळता येत नाही. बेल्जियमच्या अरण्यातील या मार्गावर १ जुलै २०२३ रोजी पावसात शर्यत चालू असता चढणीनंतरच्या सरळ पट्ट्यावर गाड्यांची टक्कर झाली आणि दिलानो फान'ट होफ हा अठरा वर्षांचा डच चालक मृत्यू पावला. पुढच्या गाडीने उडविलेल्या पाण्याच्या धुक्यात मागच्यास काहीही दिसत नाही, ही तेथील जुनी तक्रार आहे. २०१९ मध्ये त्याच परिसरात आंत्वान ह्यूबेर हा फ्रेंच तरुण गेला होता. आपल्या पालघर जिल्ह्यास वेगाची ओळख आहे ती अहमदाबाद महामार्गावरील अपघातांच्या बातम्यांतून. तेथे मरणारा मरणाची तयारी करून निघालेला नसतो. येथे मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या परवान्यावर आईबाप समजून-उमजून सही करतात. या खेळाचे कौतुक करताना ती सही प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

अशी सही मुंबईच्याही एका घरात झाली होती. जेहान दारूवाला हा १९९८ साली मुंबईत जन्मलेला पारशी मुलगा. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभर घेतलेल्या निवडीत जे तिघे निवडले गेले त्यांत तो होता. लहान कार्ट गाड्यांतून एकासनी गाडीत येताच त्याला देश सोडावा लागला, कारण मोठ्या गाड्यांचे आपले कायमचे मार्ग मोजकेच, मुख्यतः दक्षिणेत चेन्नई व कोइमतूरजवळ. आणि तेथेही युरोपच्या तोडीचे प्रतिस्पर्धी नव्हते. २०१५ आणि २०१६ ही दोन वर्षे त्याने उत्तर युरोपातील रेनो मालिकेत घालविली. २०१६ मध्ये त्याचा सहकारी होता लँडो नॉरिस, जो २०२५ साली फॉर्म्युला एकचा जगज्जेता झाला. २०१७ च्या आरंभी जेहानने न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात न्यूरेंबर्गच्या नोरिसरिंगवर युरोपीय फॉर्म्युला तीनची एक शर्यतही जिंकली. हा मार्ग नाझी मेळाव्यांसाठी बांधलेल्या दगडी सज्जाला वळसा घालून जातो; हिटलरच्या त्या व्यासपीठासमोरून मुंबईचा पारशी पोरगा पहिला आला, याची इतिहासाच्या अभ्यासकास थोडी गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

२०१९ मध्ये प्रेमातर्फे धावताना तो फॉर्म्युला तीनमध्ये तिसरा आला. दुसऱ्या क्रमांकास एकच गुण कमी पडला. ६ डिसेंबर २०२० रोजी बहरीनच्या साखीर मार्गावर त्याने फॉर्म्युला दोनची शर्यत जिंकली, आणि तसे करणारा तो पहिला भारतीय ठरला. त्या दिवशी दुसरा आलेला त्याचाच सहकारी युकी त्सुनोदा पुढच्या मोसमात फॉर्म्युला एकमध्ये गेला. जेहान आणखी तीन वर्षे त्याच पायरीवर झुंजला, आणि मग विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींकडे वळला. त्याच्यात काय उणे होते याची चर्चा जाणकारांनी करावी. त्याच्या गुणांविषयी आम्हांस संशय नाही. २०२१ मध्ये मुंबई फाल्कन्सने आशियाई मालिकेत प्रथम पाऊल टाकले तेव्हा त्यांच्या गाडीत जेहान आणि बंगळूरचा कुश मैनी हे दोघे भारतीय होते. वर्षभरात तीच आसने परदेशी मुलांनी भरली आणि अजिंक्यपद आले. मालकाच्या बाजूने पाहता यात गैर काही नाही, पण आपल्या बाजूने पाहता मूळचा प्रश्न येथेच उभा राहतो.

बोईसर स्थानकावर उतरून तारापूरकडे जाणाऱ्यास या प्रश्नाचे एक जुने रूप समुद्रकाठी उभे दिसते. तारापूरच्या अणुवीजकेंद्रातील पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधून, चालू करून आपल्या स्वाधीन केल्या; १९६९ साली त्यांची वीज मिळू लागली. इंधनही अमेरिकेचेच यावयाचे होते. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर त्या पुरवठ्यात अडचणी उभ्या राहिल्या, आणि पुढे फ्रान्स व इतर देशांकडे हात पसरावा लागला. तथापि त्याच आवारात २००५ व २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या ज्या दोन भट्ट्या सुरू झाल्या, त्यांचा आराखडा व बांधणी आपली होती. त्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, तेही विसरता येत नाही. तयार वस्तू विकत घेण्यापासून ती स्वतः घडविण्यापर्यंत जावयास छत्तीस वर्षे लागली. ती वर्षे पहिल्या भट्ट्या चालविणाऱ्या, उघडून पाहणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या माणसांनी शिकण्यात घालविली.

तुलना ताणावयाची नाही. सांगाडा विकत घेतला म्हणून संघ परका होत नाही. इंग्रज आणि फ्रेंच संघही तातूसचाच सांगाडा घेतात. परंतु गाडी उघडणारे हात कोणाचे, आणि आकड्यांची वही हंगामाअखेर कोणत्या गावी परत जाते, हे विचारावयास हवे. २०२२ व २०२३ च्या विजयांनंतर ती व्हिचेन्झाकडे गेली, असेच म्हणावे लागेल.

तरीही महाराष्ट्रात बांधलेली एकासनी गाडी युरोपातील शर्यतीत उतरलीच नाही असे नाही. ज्या होकेनहाइमला २०२३ चा युरोपीय हंगाम संपला तेथेच २००६ पासून अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची 'फॉर्म्युला स्टुडंट' स्पर्धा भरते, आणि विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयातील 'ओरायन रेसिंग' हा विद्यार्थीसंघ आपली गाडी घेऊन तीत उतरला आहे. पवईच्या आय.आय.टी.तील मुलांनी विजेवर चालणारी गाडी बांधून इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला नेली. या स्पर्धेत गुण केवळ वेगास नसतात. आराखडा का असा केला, खर्च किती आला, याची उत्तरे परीक्षकांपुढे द्यावी लागतात. या गाड्यांच्या बातम्या फारशा येत नाहीत, आणि युरोपातील मातबर विद्यापीठांपुढे आपली मुले पुष्कळदा मागेच राहतात.

शेवटची परीक्षा सुमारे बावीस किलोमीटरची दमछाक. अर्ध्या वाटेवर गाडी थांबवून इंजिन बंद करावे लागते, पहिला चालक उतरतो, दुसरा बसतो, आणि त्यासाठी तीन मिनिटे मिळतात. मग तापलेले इंजिन पुन्हा सुरू व्हावे लागते. कित्येक गाड्यांचे ते तेथे होत नाही. ज्यांनी वर्षभर रात्री जागून ती बांधली ती मुले त्या वेळी कठड्याबाहेर उभी राहून कान देऊन ऐकत असतात.