वडगावचा तह आणि घराचा ताबा

मावळ तालुक्याची कचेरी वडगावला आहे. शाळेत इतिहास शिकवताना वडगावचे नाव आले की मुलांना एवढेच पाठ असायचे: वडगावचा तह, १७७९. परीक्षेत दोन गुण! तहाचे पुढे काय झाले, हे फारसे कुणी विचारत नसे. खरी मेख मात्र तिथेच आहे.

राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायचे म्हणून मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ त्यांचा कॅप्टन स्ट्युअर्ट, म्हणजे आपल्या लोकांचा 'इष्टुर फाकडा', मारला गेला. फौज तळेगावात पोचली तर गाव जाळून मोकळे केलेले, दाणावैरण काही नाही. मागे फिरताना वडगावात मराठ्यांनी त्यांना कोंडले आणि १६ जानेवारीला तह झाला. १७७३ नंतर घेतलेला मुलूख, त्यात साष्टीही आली, परत करू असे इंग्रजांनी लिहून दिले. हमी म्हणून दोन इंग्रज अधिकारी ओलीस राहिले.

फौज सुखरूप परत गेली, आणि मग वरिष्ठांनी सांगितले की सही करणाऱ्यांना असा तह करण्याचा अधिकारच नव्हता! कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जनेही तो मानला नाही. लढाई पुढे चालू राहिली. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा साष्टी इंग्रजांकडेच राहिली. करार झाला, सही झाली, ओलीसही ठेवले. ताबा मात्र मिळाला नाही.

मंडळी, हा इतिहास आज आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या भागातल्या अर्धवट इमारती. खंडाळा-पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली, १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी धावू लागली आणि लोणावळ्याला मुंबईकरांचे बंगले उठू लागले. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर तर बंगल्यांच्या जोडीला फ्लॅटच्या जाहिराती आल्या. 'डोंगराच्या कुशीत आपले हक्काचे घर!' असे फलक पाहून कुणी फंडाचे पैसे भरले, कुणी दागिने मोडले. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने पेन्शन विकून आलेली रक्कम अशाच एका योजनेत घातली. दोन वर्षांत ताबा मिळणार होता. सहा वर्षांनी त्या जागेवर खांब उभे होते आणि खांबांतून गंजलेल्या सळया डोकावत होत्या. त्या बाईंना आता घर नको होते, पैसे परत हवे होते. त्या मला म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे करार आहे ना!" तेव्हा मला वडगाव आठवले.

हे दुखणे नवे नाही. मुंबईत मालकीचे फ्लॅट विकण्याची पद्धत सुरू झाली आणि तिच्याबरोबर फसवणूकही आली. महाराष्ट्र राज्य झाले त्याच १९६० साली सरकारने चौकशीसाठी समिती नेमली आणि १९६३ मध्ये महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. लोक त्याला 'मोफा' म्हणतात. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, असे त्यात आहे. आठव्या कलमात तर स्पष्टच लिहिले आहे की ठरल्या तारखेला ताबा दिला नाही आणि ग्राहकाने मागणी केली, तर पैसे ९ टक्के व्याजाने परत करायचे. दहा लाखांवर सरळव्याजाने आठ वर्षांचे सात लाख वीस हजार होतात. इतकेच नव्हे, तर या रकमेचा बोजा त्या जमिनीवर आणि बांधकामावर राहील, असेही कायदा सांगतो.

वाचून वाटते, आणखी काय पाहिजे? पण त्याच वाक्याच्या शेवटी एक शेपूट आहे. आधीचे बोजे असतील तर त्यांच्यानंतर! जमीन आधीच बँकेकडे गहाण असली, तर बँक पहिली आणि आपण तिच्या मागे. शिवाय हे सगळे मिळवायला दिवाणी कोर्टात जायचे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही.

मधल्या काळात ग्राहक जागा झाला. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, पण त्यात घरबांधणीचा उल्लेख नव्हता. १९९३ मध्ये दुरुस्ती होऊन तो आला आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही घर बांधून देणे ही 'सेवा' आहे असे ठरवले. तेव्हापासून घर घेणारा माणूस ग्राहक मंचात जाऊ शकला. पुढे २०१६ चा 'रेरा' कायदा आला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याचे अठरावे कलम सर्वांनी लक्षात ठेवावे. कराराच्या तारखेला ताबा मिळाला नाही तर दोन वाटा आहेत. योजनेतून बाहेर पडून सव्याज पैसे परत मागायचे, किंवा थांबायचे आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज घ्यायचे. निवड ग्राहकाची, बिल्डरची नव्हे. हा परताव्याचा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात सांगितले.

आता एक शेजारची गोष्ट. जुन्या बारा मावळांत मोसे खोरे येते, बाजी पासलकरांचे. तिथे वरसगाव धरणाच्या काठावर लवासा नावाचे शहर उभे राहू लागले. तालुका आता मुळशी, पण इतिहासाच्या हिशेबाने तेही मावळच. तिथल्या घरांचे करार विक्रीचे नव्हते, ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचे होते. ताबा लांबला म्हणून काही ग्राहक महारेराकडे गेले तेव्हा कंपनी म्हणाली, ही विक्री नाही, भाडेपट्टा आहे, म्हणून रेरा लागूच होत नाही. पहिल्या पायरीवर हे म्हणणे मान्य झाले. ग्राहक अपिलात गेले आणि जिंकले. कंपनी उच्च न्यायालयात गेली. ७ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी यांनी निकाल दिला. किमतीचा ८० टक्के भाग आधीच घेतला आहे, वार्षिक भाडे एक रुपया आहे आणि मुदत ९९९ वर्षांची आहे, तर नाव काहीही द्या, ही विक्रीच आहे आणि रेरा लागू होतो. अगदी गावातल्या म्हाताऱ्यालाही पटेल असा निकाल!

आणि पुढे? त्याच महिन्याच्या शेवटी, ३० ऑगस्टला, कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई दाखल करून घेतली गेली. ती सुरू झाली की कंपनीविरुद्धच्या सगळ्या वसुल्या थांबतात. म्हणजे कोर्टात जिंकलेला ग्राहकही पुन्हा रांगेत उभा. २०१८ च्या दुरुस्तीने घर घेणाऱ्यांना बँकांप्रमाणे वित्तीय धनको मानले, त्यामुळे त्यांना निदान बैठकीत बसायला जागा मिळाली. लवासासाठी नव्या मालकाचा आराखडा जुलै २०२३ मध्ये मंजूर झाला. पण ठरलेले पैसे न आल्याने तो २०२४ मध्ये रद्द झाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

जिथे दिवाळखोरी नसते तिथेही निकाल हातात पडणे आणि पैसे हातात पडणे यांत अंतर असते. रेराच्या आदेशाची रक्कम बिल्डरने भरली नाही, तर चाळिसाव्या कलमाप्रमाणे ती जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करायची. वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि तिथून तहसील कचेरीत. मावळातले असेल तर वडगावला! इंग्रजांनी १८७९ मध्ये मुंबई इलाख्याचा जमीन महसूल कायदा केला. सारा थकला की नोटीस, मग जप्ती, मग लिलाव. कित्येक कुणब्यांच्या जमिनी आणि गुरे या रीतीने गेली. महाराष्ट्राचा आजचा महसूल कायदा १९६६ चा आहे, पण वसुलीची वाट तीच. एकेकाळी शेतकऱ्यावर उगारलेले हे हत्यार आज घर मागणाऱ्याच्या कामी येते, हा काळाचा महिमाच म्हणायचा. फक्त एक फरक आहे. सारा सरकारचा होता, म्हणून सरकार तो जातीने वसूल करी. हे पैसे तुमचे-माझे आहेत, म्हणून कचेरीत खेटे आपणच घालायचे. आणि जप्त करायला काही शिल्लक असावे लागते. जमीन बँकेकडे गहाण आणि बांधलेले फ्लॅट विकून झालेले, अशी वेळ आली तर तहसीलदार तरी काय जप्त करणार?

म्हणून मला वाटते, करार वाचताना पहिला प्रश्न 'काय लिहिले आहे' हा नसून 'याला तारण काय' हा असावा. नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांच्यासारखे मुरब्बी लोक समोर असताना वडगावचा कागद फुकट गेला, कारण कागदामागे धरून ठेवायला पुरेसे काही नव्हते. फौज सुटली आणि तह संपला. बिल्डरला सगळे हप्ते पोचले की आपली फौजही तशीच सुटून जाते.

तेव्हा घर घेणाऱ्या भाचेमंडळींनी एवढे तरी करावे. नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नये, रेराची मर्यादा तीच आहे. महारेराच्या संकेतस्थळावर योजनेचा क्रमांक, ताब्याची तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली ते पाहावे. जमिनीवर कुणाचा बोजा आहे, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्याच योजनेच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करायची, असे बंधन आहे. आपले ओलीस काय ते एवढेच, म्हणून हप्ता कोणत्या खात्यात भरायचा हे विचारून घ्यावे. आणि तारीख उलटली तर 'होईल, होईल' म्हणत वर्षे घालवू नयेत. बिल्डरकडे काही शिल्लक आहे तोवरच मागणी करावी. उशिरा जागा झालेल्याला निकाल मिळतो, पैसे मिळतीलच असे नाही.

त्या शिक्षिकाबाईंना सव्याज परताव्याचा आदेश मिळाला आहे. वसुलीचे वॉरंटही निघाले आहे. त्या आता दर महिन्याला वडगावच्या कचेरीत चौकशीला जातात. त्यांचे वय ७१ आहे.