पाकिटांत काय आहे?

आमच्या चोपड्यास येणाऱ्या टपालांत पूर्वीं कांहीं पाकिटांवर पत्त्याखेरीज ‘बुकपोस्ट’ असा शब्द असे. पत्ता सांगे, कोणास द्यावयाचें. शब्द सांगे, आंत काय आहे. संगणकांना परस्परांशीं जोडणाऱ्या ईथरनेट जाळ्यांतही हीच सोय आहे.

१९८० सालीं डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या अमेरिकन कंपन्यांनीं तिचे नियम प्रसिद्ध केले. प्रत्येक संदेशपाकिटावर घेणाराचा व धाडणाराचा पत्ता, आणि त्यांपुढें प्रकारांक. २०४८ हा अंक दिसला कीं आंतील मजकूर इंटरनेटच्या ‘आयपी’ पद्धतीचा समजावा.

परंतु १९८३ सालीं ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेनें त्याच जागीं मजकुराची लांबी लिहावयास सांगितलें. जागा एक, अर्थ दोन! घेणाऱ्या यंत्रानें काय समजावें?

उत्तर अंकगणितांत होतें. मजकुराची लांबी १५०० बाइटांहून अधिक नसे; म्हणून १५०० पर्यंतचा अंक ती लांबी, आणि १५३६ पासून पुढचा तो प्रकार. झेरॉक्सच्याच ‘पप्’ पद्धतीचा जुना अंक ५१२ होता. तो लांबीच्या हद्दींत पडे, म्हणून तिला २५६० हा नवा अंक मिळाला. १९९७ सालीं संस्थेनेंही प्रकारांक आपल्या नियमांत घेतला. हद्द नीट आंखली गेली, म्हणून दोन्ही रीतींचीं पाकिटें एकाच तारेवरून सुखरूप जाऊं शकलीं.