साक्षीदार फितूर होत नाही, त्याला एकटं पाडलं जातं

त्र्यंबकेश्वरहून निघालेली एसटी नाशिकला सीबीएसवर सोडते. जिल्हा न्यायालय तिथून जवळच. 20 जानेवारी 2018 रोजी याच न्यायालयाने सोनई हत्याकांडात सहा जणांना फाशी सुनावली. मेहतर समाजातील तीन तरुणांचे खून 2013 मध्ये अहमदनगर जिल्ह्यात झाले. खटला मात्र जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालला. त्याआधी दोनच महिने, नोव्हेंबर 2017 मध्ये, त्याच अहमदनगरच्या न्यायालयात नितीन आगे खून खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. तिथे एकामागून एक साक्षीदार फितूर झाले होते. दोन्ही खटल्यांतला पुरावा वेगळा होता, हे मान्य. पण साक्ष देऊन त्याच गावात परतायचं असेल, तर किती जण खरं बोलतील?

खैरलांजी आठवा. सिद्धार्थ गजभिये यांना झालेल्या मारहाणीत सुरेखा आणि प्रियांका भोतमांगे यांनी आरोपी ओळखले होते. आरोपी जामिनावर सुटले आणि 29 सप्टेंबर 2006 रोजी त्या दोघींसह रोशन आणि सुधीर यांनाही संपवण्यात आलं. खटल्याआधीच साक्षीदार मारले गेले.

हे केवळ आपल्याकडचं नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात साक्षीदारांसाठी स्वतंत्र विभाग आहे. तरीही केनियाचे राष्ट्राध्यक्ष केन्याटा यांच्यावरील खटला 2014 मध्ये मागे घ्यावा लागला. साक्षीदारांना धमकावलं, विकत घेतलं गेलं, असं सरकारी पक्षानेच सांगितलं. सत्ता आरोपीच्या बाजूने असली की न्यायालय कितीही मोठं असो, साक्षीदार उघडा पडतो.

आपल्या हातात कायदा आहे. ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम 15अ 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे: संरक्षण, प्रवासखर्च, गरज पडल्यास स्थलांतर आणि जामिनाच्या सुनावणीत पीडिताला म्हणणं मांडण्याचा हक्क. 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो.

मग आपण काय करायचं? मोर्चा झाला की घरी जायचं नाही. संरक्षणाचा अर्ज लिहून द्यायचा, तारखेला सोबत जायचं, कोर्टात कोण कुठे बसतं, उलटतपासणी म्हणजे काय, हे आधी समजावायचं. मात्र काय बोलायचं ते पढवायचं नाही. पढवलेली साक्ष उलटतपासणीत कोसळते आणि खटलाही सोबत नेते. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणणं हीसुद्धा खरी साक्षच.

एफआयआरनंतर आपण पांगतो. आरोपीची माणसं पांगत नाहीत. निकाल तिथेच ठरतो.

जय भीम!