पपईचा रोग आणि खाणाराची शंका

सोलापूर जिल्ह्यांतील एखाद्या बागेंत पपईचीं पानें पिवळीं पडून फळांवर वलयें उमटलीं, कीं बागाईतदार ओळखतो : माव्यानें विषाणु आणला. हा रोग आजचा नव्हे. मुंबई प्रांतांतील पपईच्या मोझॅइक रोगाची नोंद कपूर व वर्मा या संशोधकांनीं १९४८ सालींच प्रसिद्ध केली. त्यावर औषध नाहीं; रोगट झाड उपटावें एवढेंच.

निराळा उपाय निघाला तो दूर हवाई बेटांत. तेथील पुना भागांत १९९२ सालीं विषाणु शिरला व बागा उजाड होऊं लागल्या. डेनिस गोन्साल्विस व त्यांचे सहकारी यांनीं विषाणूच्याच प्रथिन-आवरणाचें जनुक पपईंत घातलें होतें. १९९८ सालीं 'रेनबो'चें बीं शेतकऱ्यांच्या हातीं आलें.

मग प्रश्न उठला तो ताटांतला. विषाणूचा अंश असलेलें फळ पोटांत जाणें बरें काय ? शंका रास्त, पण मौज अशी, कीं वलयें पडलेली पपई लोक पूर्वीपासून खातच होते, आणि त्या रोगट फळांत हेंच प्रथिन नव्या फळाहून अनेक पट अधिक असतें. पोषक द्रव्यांच्या तुलनेंतहि दखल घेण्याजोगा भेद दिसला नाहीं. जपाननें दीर्घ छाननीनंतर २०११ सालीं विक्रीस मुभा दिली.

तथापि तेंच बीं सोलापुरास उपयोगी नाहीं. रेनबोची प्रतिकारशक्ति हवाईंतील विषाणूच्या वाणापुरती. परदेशच्या वाणांपुढें ती बहुधा हरते. येथल्या वाणाचें जनुक घालावें, तर फळ नवें आणि तपासणीहि नवी. भारतांत अशा पपईस लागवडीची परवानगी मिळालेली नाहीं. बागाईतदार बागेभोंवतीं मक्याच्या ओळी लावून मावा अडवितो.