बोर्ड : एका फळीचा पसारा

जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे लाकडाची साधी फळी. ती पायांवर टेकवली की जेवणाचं टेबल झालं, मग त्यावरचं जेवणही बोर्डच. त्यातूनच राहण्याजेवण्याची सोय असलेलं बोर्डिंग. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात काढलेल्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगच्या नावात हाच अर्थ आहे. टेबलाभोवती बसून निर्णय घेणारी मंडळी, तीही बोर्ड. दहावीची धास्ती ती हीच! (जेवण आणि निकाल एकाच फळीवरचे, हे सांगून मुलांना काही दिलासा मिळत नाही.) जहाजाच्या बाजूला म्हणत तो बोर्डही यातच मिसळला, म्हणून विमानाला बोर्डिंग पास. मूळ अर्थाशी इमान राखलंय ते कॅरमच्या बोर्डानं.