शिल्पकाराचा संगणक : धार-देवासच्या कलावंतांसाठी डेस्कटॉपची जुळणी

मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके मूळचे वसईचे. परंतु त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध माळव्यातील धार येथे गेला. १९६१ साली पद्मश्रीने गौरवलेल्या या शिल्पकाराच्या स्टुडिओमुळे धारचे नाव मराठी कलाविश्वात परिचित झाले. पवारांच्या धार आणि देवास या संस्थानांमुळे माळव्यात अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली होती. त्या भूमीत चित्र आणि शिल्प या दोन्ही कला रुजल्या.

आज मूर्तीचा आराखडा, दागिन्याचा नमुना किंवा कापडावरील नक्षी पुष्कळदा आधी संगणकावर आकार घेते. त्यासाठी लागणारा डेस्कटॉप ही सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने मोठी खरेदी असते. दुकानात तयार मिळणारे ‘गेमिंग’ संच बहुधा खेळांच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून जुळवलेले असतात. त्यांत ग्राफिक्स कार्ड भारी असते. पण रॅम कमी, पडदा सुमार आणि एसएमपीएस जेमतेम असू शकतो. कलावंताने काम आधी ठरवावे आणि भाग नंतर निवडावेत, हे या विषयातील पहिले सूत्र होय.

कामाचे टप्पे आणि यंत्रावरील भार

पारंपरिक शिल्पकार आधी सांगाडा उभारतो, त्यावर माती चढवतो, मग साचा काढतो आणि शेवटी ओतकाम करतो. त्रिमित मॉडेलिंगमध्येही असेच टप्पे असतात : मूळ आकार, त्यावरील बारीक कोरीवकाम, रंग व पोत देणे आणि अखेरीस प्रकाश-छायेसह अंतिम प्रतिमा तयार करणे, म्हणजेच रेंडरिंग. प्रत्येक टप्प्याचा भार संगणकाच्या एकाच भागावर पडत नाही.

मूळ आकार घडवताना बरीचशी आकडेमोड प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर चालते. त्यामुळे गाभ्यांची संख्या प्रचंड असण्यापेक्षा प्रत्येक गाभा वेगवान असणे हिताचे. झीब्रशसारख्या कार्यक्रमातील कोरीवकाम मुख्यतः प्रोसेसर आणि रॅम यांवर अवलंबून असते. महागड्या ग्राफिक्स कार्डाचा तेथे फारसा उपयोग होत नाही. ब्लेंडरमधील सायकल्स या रेंडर-इंजिनाचे काम मात्र चांगले कार्ड अनेक पटींनी लवकर उरकते. बहुतेकांसाठी ६ ते ८ गाभ्यांचा सध्याच्या पिढीतील प्रोसेसर पुरेसा ठरतो.

रॅमचा हिशेब

रॅम किती हवी, याचे उत्तर साध्या गुणाकाराने मिळते. ए-२ आकाराचे चित्र, म्हणजे ४२ बाय ५९.४ सेंटिमीटर, इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात छापायचे असेल तर त्यात सुमारे ३ कोटी ४८ लाख बिंदू येतात. प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरल्यास पूर्ण भरलेला एक थर सुमारे १३९ मेगाबाइट जागा घेतो. असे ४० थर म्हणजे साडेपाच गिगाबाइट. रंगांची खोली ८ ऐवजी १६ बिट ठेवली तर ११ गिगाबाइट. कार्यप्रणाली, ब्राउझर आणि मागे फिरण्यासाठी जपून ठेवलेल्या पायऱ्या यांची जागा वेगळीच.

म्हणून या कामासाठी १६ गिगाबाइट ही किमान मर्यादा समजावी आणि ३२ गिगाबाइट हे योग्य उद्दिष्ट मानावे. ती १६-१६ च्या दोन पट्ट्यांत घेतल्यास दोन्ही मार्गांनी माहितीची ये-जा होते. मदरबोर्डवर आणखी दोन खाचा रिकाम्या राहिल्या तर पुढे वाढ करता येते. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पट्ट्या एकमेकींच्या खाचांत बसत नाहीत, हे जुनी रॅम वापरू पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

ग्राफिक्स कार्ड

कार्ड निवडताना वेगाइतकेच त्याच्या स्वतःच्या स्मृतीकडे लक्ष द्यावे. रेंडर करायचे दृश्य त्या स्मृतीत मावले नाही, तर काम एकतर फार मंदावते किंवा थांबते. साध्या दृश्यांना ८ गिगाबाइट पुरतात. पोत आणि तपशील वाढले की १२ ते १६ गिगाबाइटची गरज भासते.

धार जिल्ह्यातील मांडूसारख्या ठिकाणी वास्तूची अनेक बाजूंनी छायाचित्रे घेऊन त्यांवरून त्रिमित प्रतिकृती बनवायची असेल, तर रॅम आणि कार्ड या दोहोंवर ताण येतो. अशा कामाचे काही कार्यक्रम एन्व्हिडियाच्या ‘कुडा’ या व्यवस्थेवाचून पूर्ण चालत नाहीत. कार्ड घेण्यापूर्वी आपल्या कार्यक्रमाची अट वाचावी. केवळ द्विमित चित्रकाम करणाऱ्याने सुरुवातीला वेगळे कार्ड न घेता अंतर्गत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतला तरी चालते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत ही सोय नसते.

पडदा आणि लेखणी

धार जिल्ह्यातील बाग येथील ठसेछपाई तिच्या लाल आणि काळ्या रंगांसाठी ओळखली जाते. तुरटी व अलिझरीन यांच्या संयोगातून लाल आणि लोहयुक्त द्रावणातून काळा रंग मिळतो. असा लाल पडद्यावर भगवट किंवा गुलाबीसर दिसत असेल, तर नक्षी कितीही नेमकी असो, रंगाचा निर्णय चुकतो. म्हणून आयपीएस प्रकारचा आणि एसआरजीबी रंगपट्टा जवळपास पूर्ण दाखवणारा पडदा घ्यावा. २७ इंचांच्या पडद्यावर २५६० बाय १४४० बिंदू सोयीचे ठरतात. कॅलिब्रेशनचे यंत्र परवडत नसेल तर काही मित्रांनी मिळून एकच घ्यावे. कामाच्या खोलीतील प्रकाश दिवस-रात्र फारसा बदलू देऊ नये.

दाब ओळखणारी लेखणी ही चित्रकार आणि डिजिटल शिल्पकार दोघांचीही गरज आहे. पडदा नसलेला पेन टॅब्लेट स्वस्त असतो आणि काही आठवड्यांत हाताला सवय होते. पडद्यासह येणारा टॅब्लेट महाग असतो. हा खर्च पहिल्या हिशेबातच धरावा. पुष्कळदा सगळे पैसे पेटीत संपतात आणि हाती उंदीर उरतो.

वीज, उष्णता आणि धूळ

यंत्राचे आयुष्य बऱ्याच अंशी वीजपुरवठ्यावर ठरते. प्रोसेसर १२० वॅट, कार्ड २०० वॅट, उरलेले भाग ६० वॅट असा भार धरल्यास ६५० वॅटचा चांगल्या बनावटीचा एसएमपीएस पुरेसा होतो. त्यावरील ‘८० प्लस’ ही खूण विजेच्या कार्यक्षमतेची आहे. संरक्षणाची हमी तीतून मिळत नाही.

घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारणतः ३६० वॅट इतकाच भार पेलतो. रेंडर चालू असताना वीज गेल्यास वरील यंत्र तो सांभाळू शकणार नाही. पडद्यासह ४१० वॅटच्या आसपासच्या भारासाठी १००० व्हीए क्षमतेचा, शक्यतो शुद्ध साइन लहर देणारा यूपीएस घ्यावा. घरातील अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेणे हा सर्वांत स्वस्त विमा होय.

माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पेटीतील पंखे खोलीतलीच हवा आत घेतात, त्यामुळे खोली ४० अंशांवर असताना आतले भाग त्याहून गारच काय, तितकेही राहू शकत नाहीत. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि तासाचे रेंडर लांबत जाते. म्हणून पुढून हवा आत घेणारे दोन आणि मागून बाहेर टाकणारा एक पंखा, पुढे धुण्याजोगी जाळी आणि प्रोसेसरवर उंच धातुपत्र्यांचा कूलर असावा. पाण्याच्या कूलरचा ओलसर झोत थेट पेटीवर येऊ देऊ नये. गोव्यासारख्या किनारी प्रदेशात उष्णता कमी असली तरी दमटपणा आणि खारी हवा असते. तेथे यंत्र दीर्घकाळ बंद ठेवणे टाळावे.

जुळणी आणि चाचणी

प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी हे भाग मदरबोर्डवर पेटीबाहेरच बसवावेत. प्रोसेसरवरील खूण जुळवून तो अलगद ठेवावा. जोर लावू नये. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढीच पुरते. चार खाचा असतील तर बहुतेक मदरबोर्डांत दोन पट्ट्या दुसऱ्या व चौथ्या खाचेत जातात. तरी पुस्तिका पाहावी. पडद्याची वायर मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला जोडावी. बायोसमध्ये रॅमचा नोंदलेला वेग चालू करावा आणि रात्रभर रॅमची तपासणी चालवावी. पहिल्याच आठवड्यात एक लांब रेंडर करून पाहिले, तर सदोष भाग बदलून घेण्याची मुदत हातची जात नाही. धारहून सुमारे ६० आणि देवासहून सुमारे ४० किलोमीटरवरील इंदूरच्या बाजारातून खरेदी केल्यास प्रत्येक भागाचे जीएसटी बिल, त्यावर अनुक्रमांकासह, मागून घ्यावे.

पैसे अपुरे असतील तर

टाकून दिलेल्या वस्तूंत आकार शोधणारे चित्रकार विष्णू चिंचाळकर देवास संस्थानातील आलोटचे. जुन्यातून उपयुक्त ते वेचण्याची त्यांची दृष्टी येथेही उपयोगी आहे. जुनी पेटी, कळफलक, माउस आणि हार्ड डिस्क पुन्हा वापरता येतात; जुना एसएमपीएस मात्र वापरू नये. पहिल्या खरेदीत चांगला मदरबोर्ड, प्रोसेसर, ३२ गिगाबाइट रॅम, एक टेराबाइटचा एनव्हीएमई एसएसडी, विश्वासार्ह एसएमपीएस, नीट पडदा आणि साधा पेन टॅब्लेट यांना प्राधान्य द्यावे. मोठे ग्राफिक्स कार्ड एका वर्षाने घेतले तरी खाच वाट पाहते.

कामाच्या प्रतींचे तसे नसते. मातीचा नमुना वाळून तडकला तरी त्याचे तुकडे उरतात. बिघडलेल्या डिस्कवरील मूर्तीचे काहीच उरत नाही. त्यामुळे प्रत्येक कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी.